सरड्याची धाव आणि आपले कुंपण

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण दुसऱ्याची कुवत काढायची असली की वापरतो. ते कुंपण कोणी घातले, कशाचे घातले आणि त्याच्या आत सरड्याचे काय होते, याची विचारपूस म्हण करीत नाही. तेवढीच विचारपूस मला या लेखात करायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जखमी सरड्याला चार दिवस ठेवण्यासाठी आपण जो काचेचा खोका पुढे करतो तो कायमचा बाजूला ठेवावा, त्याच्या जागी जाळीचा पिंजरा करावा, आणि तो परदेशी पुस्तकात पाहून न करता आपल्या पेडणे-डिचोलीच्या हवेकडे पाहून करावा. विषय वरवर किरकोळ वाटेल. पण एका प्राण्याचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून असते, आणि विज्ञान शिकणाऱ्याला तरी ही गोष्ट किरकोळ वाटू नये.

मी ज्याविषयी लिहितो आहे तो कुंपणावर बसून मान हलवणारा, लाल गळ्याचा बागेतला सरडा नव्हे. हा घोयरा, कोणी याला सरडगुहिरा म्हणतात, तर इंग्रजी पुस्तकांत हा शॅमेलिऑन. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्र याला 'गोसुंबे' म्हणून ओळखतात, आणि कन्नडमध्येही हा शब्द मते बदलणाऱ्या माणसाला टोमणा मारण्यासाठी वापरतात. म्हणजे भाषा दोन, पण या गरिबाची बदनामी एकच! निवडणुका झाल्या आणि कोणी इकडचा तिकडे गेला की वर्तमानपत्रांना पहिली आठवण होते ती याची. वास्तविक याचे रंग बदलणे लबाडीचे नाही. जिनिव्हा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २०१५ साली मादागास्करमधील एका जातीवर काम करून दाखवले की, कातडीतील पेशींत अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते. त्यांतील अंतर कमी-जास्त झाले की परावर्तित होणारा रंग बदलतो. ऊन, थंडी, भीती, राग, आजार हे सारे त्या रंगात उमटते. ज्याचे मन कातडीवर दिसते त्याला आपण ढोंगी म्हणतो, ही मौजच म्हणायची.

भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात आढळते. १७६८ साली लॉरेंटी या शास्त्रज्ञाने श्रीलंकेच्या जुन्या नावावरून तिला 'झेलॅनिकस' म्हटले. शेपटीसह लांबी फूटभराच्या आसपास. पायाची बोटे दोन आणि तीन अशा जुड्यांत बांधलेली, त्यामुळे पाऊल चिमट्यासारखे फांदी धरते. शेपूट पाचव्या हाताचे काम करते. दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि जीभ शरीराहूनही लांब झेपावते. गावोगाव याला विषारी समजून दगड मारले जातात. पण याच्याजवळ विष मुळीच नाही.

पेडण्याचे जांभ्या दगडाचे सडे, त्यांवरची करवंदीची जाळी, डिचोलीकडच्या काजूच्या बागा, कुळागरांच्या कडा हा घोयऱ्याला मानवणारा मुलूख. पण हा मुलूख बदलतो आहे. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. त्याच्यापाठोपाठ रस्ते रुंद झाले. डिचोलीच्या खाणी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली थांबल्या, पण कापलेले डोंगर काही परत उभे राहिले नाहीत. घोयरा जमिनीवर चालतो तो वाऱ्यावर हलणाऱ्या पानासारखा झुलत, एक पाऊल पुढे, अर्धे मागे. अशा प्राण्याने चौपदरी रस्ता ओलांडायचा म्हणजे काय होते ते सांगायला नको. पूर्वी सरडा कुंपणापर्यंत धावत असे. आता कुंपणच सरड्यापर्यंत धावत आले आहे.

इथे कायद्याची गोष्ट स्पष्ट करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोयऱ्याला संरक्षण दिलेले आहे. त्याला धरणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा पिंजऱ्याची चर्चा वाचून कोणी घोयरा पाळण्याचा बेत करू नये. रस्त्यात धडधाकट घोयरा दिसला तर त्याला एखाद्या काठीवर चढू द्यावे आणि तो ज्या बाजूला निघाला होता त्या बाजूच्या झुडपात सोडावे. एवढेच आपले काम. चाकाचा धक्का लागलेला, मांजराने वा कावळ्याने जखमी केलेला असेल, तर वनखात्याला कळवून त्यांच्या स्वाधीन करावा. पिंजरा लागतो तो या मधल्या काळासाठी. कधी एक रात्र, कधी पशुवैद्यांच्या सल्ल्याने आठ-पंधरा दिवस. पण नेमक्या याच काळात प्राणी दगावतात, आणि ते बहुधा जखमेने दगावत नाहीत, आपण दिलेल्या घराने दगावतात.

दोन वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत (नाव सांगण्याचे कारण नाही) असा एक घोयरा मी पाहिला. जुलै महिना होता. माशांसाठी आणलेल्या जुन्या काचेच्या टाकीत त्याला ठेवले होते. वर प्लायवूडचे झाकण, त्याला बोटभर भोके. तळाला ओला कापूस, कोपऱ्यात पाण्याने भरलेली बशी आणि काही नाकतोडे. काचेला आतून घाम फुटला होता. घोयरा तोंड उघडे टाकून, मान वर करून एका काडीवर बसला होता. डोळे खोल गेलेले, रंग काळपट. मुले प्रेमाने येऊन बघत होती. चौथ्या दिवशी तो मेला. बशी तशीच भरलेली होती. "पाणी होते, खाणे होते, तरी गेला, जगायचाच नव्हता," असे सर्वांचे मत पडले. मला हे मत मान्य नाही. त्या टाकीत त्याला जगणे शक्यच नव्हते.

याची कारणे साधी आहेत. पहिले म्हणजे घोयऱ्याला साठलेले पाणी बहुधा पाणी म्हणून ओळखता येत नाही. तो पानावरून ओघळणारा, चमकणारा थेंब चाटतो. बशी काठोकाठ भरलेली असताना तो तहानेने मरू शकतो, आणि खोल गेलेले डोळे ही त्या तहानेचीच खूण. दुसरे म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखा श्वासपटलाचा पडदा नसतो. छातीत कफ साठला तर त्यांना खोकून तो बाहेर टाकता येत नाही. कोंदट, ओल्या हवेत जंतू वाढले, फुफ्फुसाला लागण झाली की प्राणी तोंड उघडून, मान वर करून श्वास घेऊ लागतो. तिसरे म्हणजे उन्हातील जे अतिनील किरण कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार करतात, त्यांतला उपयोगाचा भाग साध्या काचेतून जवळजवळ येतच नाही. ते जीवनसत्त्व नाही म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडे मऊ पडतात. चार दिवसांत हे दिसणार नाही, पण महिनाभरात दिसेल. चौथे म्हणजे काचेत त्याला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. एकटे राहणारा हा प्राणी त्याला वैरी समजतो आणि दिवसभर धास्तावलेला राहतो. ऊन पडले तर काचेची पेटी तापते ती वेगळीच.

या सर्वांतून निघणारा मुद्दा एकच. घोयऱ्याला ओल हवी, पण ती येऊन गेली पाहिजे; मुक्कामाला राहता कामा नये. पाणी आणणे हे तुषारांचे काम, आणि ते घेऊन जाणे हे वाऱ्याचे काम. या दोघांपैकी एकालाच बोलावले तर प्राणी एक तर सुकतो, नाही तर कुजतो.

हे ज्ञान आपल्याला नवे नाही. आपल्या घरांत फ्रिज येण्यापूर्वी जाळीचे कपाट असे. दूध, मासळीची आमटी, उरलेला भात त्यात ठेवत. लाकडी चौकट, चारी बाजूंना बारीक तारेची जाळी, आणि चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. जाळीतून हवा खेळती राही म्हणून अन्न लवकर आंबत नसे, आणि पाण्यामुळे मुंग्या चढत नसत. माझा पिंजरा म्हणजे हे कपाटच, फक्त उभे आणि झाडपाल्याने भरलेले. पाण्याच्या वाट्या इथेही हव्यातच. कारण आपल्याकडची ओंबील जातीची तांबडी मुंगी जखमी घोयऱ्याला जिवंतपणी तोडू शकते.

आता मापे. तळ दोन फूट बाय दोन फूट आणि उंची चार फूट. घोयरा झाडावरचा प्राणी असल्याने त्याला लांबीपेक्षा उंची महत्त्वाची. कपाट जमिनीपासून दोन फूट उचललेले असावे, म्हणजे त्याला आपल्या डोक्यावरून खाली पाहता येते आणि तो निर्धास्त राहतो. जाळी प्लास्टिकचा लेप दिलेल्या तारेची, गुळगुळीत असावी. उघड्या तारेच्या टोकांत नखे अडकून तुटतात. डासांची नायलॉनची जाळी स्वस्त पडते, पण रातकिडे ती कुरतडतात. आत अंगठ्याएवढ्या जाडीच्या पेरूच्या फांद्या आडव्या-तिरप्या बांधाव्यात आणि कुंडीत एक घनदाट जास्वंद ठेवावी. जास्वंदीची पाने थेंब झेलतात आणि प्राण्याला लपायला आडोसा देतात. कण्हेर मात्र विषारी, ती आत नको. खाणीच्या रस्त्यालगतचा पाला आणायचा तर आधी स्वच्छ धुऊन घ्यावा. पानावरचा थेंब चाटताना तांबडी धूळही पोटात जाते.

चारही बाजू जाळीच्या ठेवाव्यात की काही बंद कराव्यात, हा खरा वादाचा प्रश्न आहे, आणि याचे उत्तर ऋतूवर अवलंबून आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत आपल्या चपलांवर, पट्ट्यांवर आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते. त्या हवेत आणखी ओल पुरवण्याची गरज नाही. प्रश्न असतो तो वाळवण्याचा. तेव्हा पावसाळ्यात चारही बाजू उघड्या, फक्त नैर्ऋत्येकडून येणारी झड अडवण्यासाठी त्या बाजूला एक झडप. याउलट डिसेंबर ते मार्च या काळात दुपारची हवा कोरडी होते. समुद्राजवळच्या मोरजी-मांद्र्यापेक्षा आत डिचोलीत ती अधिक जाणवते, आणि मार्चअखेर पारा पस्तिशीला टेकतो. तेव्हा पाठीमागची आणि एक कडेची बाजू झाकावी, म्हणजे सकाळची ओल दोन तास तरी टिकते. म्हणून माझा आग्रह असा की दोन बाजूंना काढता-घालता येणाऱ्या फळ्या असाव्यात. पिंजरा एकच, पण त्याने पावसाळ्यात एक आणि उन्हाळ्यात दुसरा वेश घ्यावा. घोयऱ्याच्या घराने थोडा रंग बदलला तर बिघडले कुठे?

वाऱ्यासाठी पंखा लागत नाही. गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून गार हवा येते, हे आपण शाळेत शिकलो. छत जाळीचे आणि तळाजवळ समोरच्या बाजूला सहा इंचांची जाळीची पट्टी ठेवली की फळ्या लावलेल्या असतानाही हवा आपोआप खालून वर वाहते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे कोणाला सांगायला हवे? जी रचना विजेवाचून चालते तीच आपल्या उपयोगाची. पिंजरा पडवीत, सकाळचे कोवळे ऊन अर्ध्या भागावर पडेल असा ठेवावा. उरलेला अर्धा भाग सावलीत, म्हणजे कोठे बसायचे ते त्याचे त्याला ठरवता येते.

पाण्याचेही तसेच. परदेशात यासाठी पंप, घड्याळी कळ आणि तोट्या विकत मिळतात. त्या वाईट नाहीत. पण हिशेब करून पाहावा: मिनिटाला शंभर मिलिलिटर पाणी फवारणारी एक तोटी सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे चालवली की दिवसाला एक लिटर पाणी पिंजऱ्यात येते, महिन्याला तीस लिटर. हे पाणी जाणार कुठे? म्हणून तळ सपाट नसावा. तो एका कोपऱ्याकडे उतरता करून तिथे भोक, खाली नळी आणि नळीखाली बादली ठेवावी, आणि बादली रोज रिकामी करावी. साठलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते, आणि प्राणी वाचवताना वाड्यावर डेंग्यू आणण्यात शहाणपण नाही.

ज्याला यंत्र परवडत नाही त्याने शेतातला हाताचा फवारा घ्यावा, पण तो कोरा हवा. आपल्याकडे माडी-पोफळीच्या बागेत कोळेरोगावर बोर्डो मिश्रण फवारतात. त्यात मोरचूद असते. तो पंप कितीही धुतला तरी या कामाला वापरू नये. फवारणी सूर्योदयाच्या सुमारास आणि दिवे लागणीच्या आधी करावी, आणि घाईने आटपू नये. पहिली दोन मिनिटे घोयरा फक्त डोळे फिरवून ते साफ करून घेतो. पिणे त्यानंतर सुरू होते. अंगावर जोराची धार मारू नये, पानांवर तुषार पडावेत. भर पावसाळ्यात फवारणी प्यायला पुरेल एवढीच, आणि ती सकाळीच, म्हणजे दिवसभरात पाने वाळतात.

याहूनही सोपी युक्ती आपल्या देवघरात आहे. शिवलिंगावर आणि वैशाखात तुळशीवर आपण गळती टांगतो. बारीक भोकातून थेंब थेंब पाणी पडत राहते. तशी एक छोटी गळती पिंजऱ्याच्या छतावर ठेवून तिचा थेंब जास्वंदीच्या वरच्या पानावर पडेल असे करावे. एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरणारा तो थेंब घोयऱ्याला हमखास दिसतो. दिवसातून तासभर गळती चालली तरी एका प्राण्याची तहान भागते.

सर्व झाल्यावर पिंजऱ्याची परीक्षा घ्यावी, आणि तीही प्राणी आत ठेवण्यापूर्वी. एक उदबत्ती पेटवून तळाजवळ धरावी. धूर हळूहळू वर चढून छतातून बाहेर पडला तर हवा खेळती आहे. मध्येच घुटमळला तर त्या उंचीवरची फळी काढावी. मग फवारणी करून घड्याळ लावावे. दोन तासांत पाने वाळली तर ठीक. अर्ध्या तासात वाळली तर फळी वाढवावी, संध्याकाळपर्यंत ओलीच राहिली तर कमी करावी. कोणत्याही उपकरणापेक्षा ही दोन मापे मला अधिक भरवशाची वाटतात.

माझ्या या मतावर दोन आक्षेप येतात. एका सरड्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हा पहिला. याला माझे उत्तर असे की, ज्याला आपण वाचवायला म्हणून घरात आणतो त्याला मारायचा आपल्याला अधिकार नाही. खटाटोप नको असेल तर हातच लावू नये. दुसरा आक्षेप पुस्तके वाचणाऱ्यांचा: परदेशी ग्रंथ तर दिवसातून चार-पाच वेळा तुषार द्यायला सांगतात. सांगतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील बंद, हिवाळ्यात कृत्रिम उष्णतेने कोरड्या पडलेल्या खोल्यांसाठी लिहिलेले असतात. तो नियम पेडण्याच्या जुलैत चालवणे म्हणजे समुद्राकाठी उभे राहून मिठाचा दुष्काळ पडला म्हणण्यासारखे आहे.

याच संदर्भात आणखी एक सांगतो. हल्ली काही मित्र येमेनकडचा 'व्हेल्ड' शॅमेलिऑन शहरातून विकत आणतात आणि मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून पाळतात. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर करण्याचे नियम २०२४ साली लागू झाले आहेत. पण नोंदणी केली म्हणजे प्राण्याला हवा मिळाली असे नाही. शोभेसाठी प्राणी आणण्याच्या मी विरुद्ध आहे. आणलाच असेल तर निदान त्याची काचेची पेटी आज बदलावी.

शेवटी एक सूचना करतो. आपल्या विज्ञान मंडळाने यंदा भित्तिपत्रकाऐवजी असे दोन पिंजरे तयार करावेत. सुताराचे एक दिवसाचे काम आहे. जाळी आणि फळ्या मुलांना स्वतः बसवता येतील. एक पेडण्याच्या बाजूला आणि एक डिचोलीच्या बाजूला, वनखात्याच्या कचेरीत त्यांच्या संमतीने द्यावा. सोबत मराठी, कोकणी आणि कन्नडमधून एक पानभर सूचना जोडाव्यात: बशी नको, थेंब द्या, काच नको, जाळी द्या, बरा झाला की जिथे सापडला तिथेच सोडा. पुढच्या जुलैपूर्वी, पहिल्या सरीला रस्त्यावर पाय टाकणारा घोयरा कोणाच्या तरी हाती जखमी सापडण्यापूर्वी, हे काम व्हायला हवे.